गिळलेली ओळ

टिंबबाई,

पत्र हातात पडलं की तू आधी पाकीट दोन बोटांनी उचलशील, मग हात धुशील, मग वाचशील. धू बाई. मला घाई आहे, पण तुझे हात काही माझ्या घाईनं वाळणार नाहीत.

"वन्सं, मला समोर बसवून ते सगळं पुन्हा बोलू नका," असं तूच म्हणालीस. म्हणून लिहिते. तुला 'तू' म्हणत राहिले तर चार ओळींत माझा आवाज चढेल, कागदावरसुद्धा. तेव्हा गोष्ट दुसऱ्याच कुणा बाईची आहे असं समजून सांगते. मीही तिच्यात नुसती नणंद. चुकीचं वाटेल तिथे खूण कर, पण पेन्सिल तुझी घे. माझी मी चावलेली आहे.

तर टिंबबाई. हे नाव तिला नवऱ्यानं ठेवलं. बायको दिवसभर ऑफिसात काय करते हे बघायला तो एकदा तिच्या मागे जाऊन उभा राहिला, तर जिकडे तिकडे टिंबंच टिंबं. दर दोन ओळींनी एका ओळीच्या सुरुवातीला टिंब. "हा काय पगार घेण्याचा धंदा झाला? पोर पाटीवरसुद्धा यापेक्षा जास्त काढतं," असं म्हणून तो हसला आणि नाव चिकटलं ते चिकटलंच.

धंदा तसा सरळ होता. कंपनी प्रोग्रॅम विकायची. प्रोग्रॅमबरोबर मॅन्युअल जायचं: कुठली आज्ञा काय करते, ती कशी द्यायची, जपायचं कुठे. त्या मॅन्युअलची पानं मांडणं हे हिचं काम. साधा मजकूर लिहायचा आणि मध्ये मध्ये टिंबानं सुरू होणाऱ्या ओळी घालायच्या. टिंबाची ओळ म्हणजे मशीनला दिलेली सूचना. हा मथळा कर, इथे नवा परिच्छेद घे, एवढं ठळक कर. आणि दहा बारीक सूचनांची मोट बांधून तिला एक नाव दिलं की झाला मॅक्रो.

"म्हणजे असं बघा वन्सं," तिनं एकदा जेवताना नणंदेला समजावलं होतं, "'घर आवर' म्हटलं की त्यात केर आला, फरशी आली, चपला रांगेत लावणं आलं. दर वेळी सगळं सांगत बसायला नको."

नणंदेनं कॉलेजात उभा जन्म गणित शिकवलेलं. तिला अर्धवट उत्तर चालत नसे. "आणि 'घर आवर' म्हणजे काय हेच ज्याला ठाऊक नाही, त्याला सांगितलंस तर?"

"तो काहीच करणार नाही."

"ओरडणार नाही? विचारणार नाही?"

"मशीन आहे ते, जावई नाही रुसून बसायला. नाव ओळखीचं नसलं की ती ओळच्या ओळ गिळून मुकाट पुढे जातं."

"मग गं?"

"मग काय? माझ्या मशीनला माझी सगळी नावं पाठ आहेत."

"आणि मलाही," नवरा पोळीचा तुकडा मोडत म्हणाला. "ही नुसतं 'अहो' म्हणते. त्यात बाजार, इस्त्री, लाइटबिल, गळका नळ, सगळं येतं. हिचा पहिला मॅक्रो मी."

हसले तिघंही. पुढे नणंदेला हे हसणं फार वेळा आठवलं आणि दर वेळी तोंड कडू झालं.

आता टिंबबाईचा स्वभाव. तिला किळस यायची. कशाची नाही ते विचारा. आणि खोटं कशाला बोला, त्या ऑफिसात येत नसती तरच नवल. तळघरातली खोली. गालिचा कधी काळी भिजला होता, तो कुणी वाळवला नाही, त्यामुळे वास ओल्या कुत्र्याचा. बेसिनमध्ये चहाचा चोथा, त्या चोथ्यात कुणाचा तरी केस. खिडकीत एक कप, त्यातल्या तळच्या कॉफीला मिशा फुटलेल्या. आज हा धुवील, उद्या तो, म्हणता म्हणता तो कप खात्यातला जुना कर्मचारी होऊन बसला. बोळात, बेसिनच्या बाजूलाच, सगळ्यांचा मिळून एक प्रिंटर. तो गरम राहतो म्हणून हिशेबनीस त्यावर जेवणाचा डबा ठेवायचा. छापून आलेल्या पानाला कधी तेलाचा डाग, कधी अंगठ्याचा ठसा, कधी नुसताच वास.

आणि साहेब. साहेब वेफर्स खायचे. खाऊन एकेक बोट चोखायचे आणि त्याच बोटानं दुसऱ्याच्या स्क्रीनवर "हे बघा" करायचे. टिंबबाई खणात स्पिरिटची बाटली आणि कापूस ठेवायची. साहेब वळले की स्क्रीन पुसायची. तिचा स्वतःचा कप कुलपात असे. मागच्या टेबलावरची मंडळी तिला 'सोवळं' म्हणायची, तिला ऐकू जाईल अशा बेतानं.

पण तिची पानं! त्यात नाव ठेवायला जागा नव्हती. मथळे, परिच्छेद, ठळक अक्षरं यांसाठी ती जगात सगळीकडे चालतात तेच ठरलेले मॅक्रो वापरायची. स्वतःचा असा तिनं एकच बनवला होता, इशाऱ्यासाठी. तयार मॅक्रोंमध्ये इशारा इतर मजकुरात शिंतोड्यासारखा पडायचा, ते तिला सोसवेना. तिनं 'सावध' नावाचा मॅक्रो रचला. वर रेघ, खाली रेघ, दोन्ही बाजूंनी आत घेतलेला ठळक मजकूर, वर-खाली श्वास घ्यायला जागा. टिंब, 'सावध', आणि त्याच ओळीत पुढे इशारा. बस. आंधळ्यालासुद्धा दिसेल, असं ती म्हणायची.

एकदा ती तापानं घरी होती. साहेबांनी तेवढ्यात 'सावध' उघडून "जरा मोकळं" केलं. कुणाला न विचारता, अर्थातच. ती परत आली तेव्हा सगळ्या पानांवरचे इशारे पसरून बसले होते, खालची रेघ पुढच्या मथळ्याच्या डोक्यावर. आणि तिच्या कीबोर्डच्या दोन कळांमध्ये वेफरचा कण. तो तिनं चिमट्यानं काढला, कागदात बांधला, बाहेरच्या टोपलीत टाकून आली आणि बराच वेळ हात धूत राहिली. मग तिनं 'सावध'ची फाइल सगळ्यांच्या सामाईक जागेतून उचलली आणि स्वतःच्या कुलूपबंद फोल्डरात नेऊन ठेवली. पुन्हा कुणाचा उष्टा हात लागायला नको.

आता यातली मेख अशी. गिऱ्हाइकाला जातं ते कच्चं पान, टिंबांसकट. त्याची मांडणी गिऱ्हाइकाचं मशीन करतं. सामाईक जागेत होती तोवर 'सावध'ची फाइलही पानांसोबत जायची. कुलपात गेल्यावर ती जायची बंद झाली. तिच्या मशीनवर प्रत्येक इशारा ठसठशीत दिसत होता, आणि दुसऱ्याच्या मशीनला ती हात लावत नसे. का, ते वर सांगितलंच. ऑफिसातल्या बाकीच्यांनी पाहिलं असतं म्हणाल, तर मॅन्युअल लिहिणाऱ्यांच्या ऑफिसात मॅन्युअल कोण वाचतो? हलवायाच्या घरचं कुणी गोड खातं का?

इकडे नणंदेनं निवृत्त झाल्यावर कॉलेजच्या मागच्या एका खोलीत रेकॉर्डिंगचं काम सुरू केलं होतं. अंध मुलांसाठी पुस्तकं वाचून ठेवायची. वाचायला माणसं लागत. तिनं भावालाच धरून आणलं. भाऊ पाणीखात्यात मीटर वाचायचा. "तू नाही तरी वाचतच हिंडतोस, इथे बसून वाच," तिनं हुकूम सोडला. त्याचा आवाज काही फार गोड नव्हता, जरा नाकातला. पण दम होता. सुरस कथा-कादंबऱ्या इतरांनी पळवल्या. त्याच्या वाट्याला आलं मृदाशास्त्र, नळजोडणी, जमाखर्चाची मूलतत्त्वं. तो ती अशी वाचायचा की जणू आता खून होणार आहे. मध्येच खोकायचा आणि "माफ करा, नळात हवा" म्हणून पुढे जायचा. ते नणंदेनं कधी कापलं नाही. पोरं त्याच खोकल्याची वाट बघायची.

मग तो गेला. फारसा आजारी न पडता, कुणाला त्रास न देता. त्याच्या स्वभावाला धरूनच. आवाज मागे राहिला. तो ऐकायचं धाडस दोघींपैकी एकीलाही झालं नाही. नणंद म्हणायची, "आहे ना तिथे, पळून थोडाच जातोय." भावजय मान हलवायची.

आवाज जिथे होता तिथे दोन डिस्क होत्या. एक कामाची आणि एक तिची नक्कल. त्या सांभाळणारा प्रोग्रॅम टिंबबाईच्याच कंपनीचा. मशीन बघायला एक गृहस्थ होते, पूर्वी रेडिओ केंद्रात असलेले. त्यांना सगळे रेडिओवाले म्हणत. कामाची डिस्क भरत आली. जुनी, बऱ्याच काळात कुणी न उघडलेली रेकॉर्डिंग तिच्यावरून काढून टाकायची, ती नकलेवर राहतात, अशी एक आज्ञा त्या प्रोग्रॅममध्ये होती. रेडिओवाले म्हणाले, "बाई, त्याचं पान छापून मिळालं तर बरं. माझे डोळे स्क्रीनवर ठरत नाहीत. एकेक पायरी बोट ठेवून करतो."

नणंदेनं भावजयीला सांगितलं, "अगं, तुझ्या मशीनवरनं तेवढं एक पान छापून आण. भिंतीला लावू."

"स्क्रीनवर दिसतं की, वन्सं."

"दिसू दे. मला कागद हवाय."

"आणते."

पुढच्या खेपेला नणंदेनं विचारलं, "पान?" ही म्हणाली, "अगं बाई, राहिलंच." त्याच्या पुढच्या खेपेला, "शाई संपली होती." खरं कारण प्रिंटर. ती बोळाच्या तोंडापर्यंत गेली होती. हिशेबनिसाच्या डब्यातून काहीतरी ओघळून कागदाच्या खणात उतरलं होतं. ते पाहून ती परत फिरली. नणंदेच्या खोलीत तो कागद आपल्या हातानं न्यायचा, भिंतीला लावायचा, या विचारानंच तिच्या अंगावर काटा आला.

शेवटी रेडिओवाल्यांनी चष्मा लावून स्क्रीनवरच वाचलं आणि पायरी पायरीनं आज्ञा दिली. कामाच्या डिस्कवरची जुनी रेकॉर्डिंग गेली. नक्कल करणारी डिस्क आज्ञाधारक. तिनं बघितलं की मूळ गेलं, तिनंही काढून टाकलं. ती ऐकणारी पोरं शिकून बाहेर पडलेली, मग कुणी न उघडलेलं असं तिथे दुसरं काय असणार? मृदाशास्त्र, नळजोडणी, जमाखर्च. खोकल्यासकट.

नणंद तडक भावजयीच्या घरी गेली. चपलासुद्धा काढल्या नाहीत. "तुझ्या त्या पानात आधी नक्कल थांबवा म्हणून एक शब्द लिहायला काय झालं होतं तुला?"

टिंबबाईचा चेहरा पांढरा पडला, मग लाल झाला. "लिहिलंय! सगळ्यांत वर लिहिलंय. 'आधी नक्कल थांबवा. न थांबवल्यास इथे पुसलेलं तिथेही पुसलं जाईल.' वर रेघ, खाली रेघ. तुमच्या रेडिओवाल्यांना वाचता येत नाही त्याला मी काय करू? असली माणसं ठेवता कशाला? डोळे आहेत का कवड्या?"

"तो म्हणतो, नव्हतंच."

"मग खोटं बोलतोय. चूक झाली की सगळे असंच बोलतात. मला माहीत नाहीत का असली माणसं? किळस येते."

दुसऱ्या दिवशी ती नणंदेबरोबर रेकॉर्डिंगच्या खोलीत गेली, त्या माणसाच्या डोळ्यांत बोट घालून दाखवायला. रेडिओवाले उठून उभे राहिले. रात्रभर झोपले नव्हते, दाढी वाढलेली. तिनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. रुमालानं त्यांचा कीबोर्ड पुसला, रुमाल घडी घालून पिशवीत ठेवला, पान उघडलं.

मथळा होता. खाली आज्ञेचं वर्णन होतं. त्याखाली लगेच पहिली पायरी.

तिनं पान वर सरकवलं, खाली सरकवलं, पुन्हा वर नेलं. दोन परिच्छेदांच्या मध्ये जिथे दोन रेघा असायला हव्या होत्या तिथे तिनं बोट टेकवलं, उघडं बोट, आणि ते तिथेच राहिलं. त्या जागी काहीच नव्हतं. साधी फटसुद्धा नाही. पान अगदी नीटनेटकं होतं. संशय येऊ नये इतकं.

"दाखवा ना, बाई," रेडिओवाले म्हणाले. टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच वाटत होतं की ती दाखवील, आणि आपली चूक आहे हे एकदाचं कळून तरी जाईल.

जेवताना बोललेलं ते ओळ गिळणाऱ्या मशीनचं स्वतःचंच वाक्य टिंबबाईला आठवलं असणार. तिनं कसंबसं सांगितलं, "तुमच्या मशीनला माझं नाव माहीत नाही." आणि उठली. बोट पुसायचं विसरली. नणंदेनं तेवढं पाहिलं आणि काय झालंय ते तिला तेव्हाच कळलं. रेडिओवाले मात्र नंतर कितीतरी दिवस आपला चष्मा बदलून बदलून बघत होते. त्यांना कुणी धड सांगितलंच नाही, शेवटी नणंदेनं सांगितलं.

ऑफिसात टिंबबाईनं साहेबांसमोर सगळं मांडलं. 'सावध' कुलपात गेल्यापासून एकाही गिऱ्हाइकाला एकही इशारा पोचलेला नाही. कुठल्याच पानावर.

साहेब वेफर चावत होते. चावणं थांबलं, मग पुन्हा सुरू झालं. "तक्रारी आल्या का?"

"आल्या ना. डेटा गेला, मशीन बंद पडलं, अशा किती आल्या. आपण त्यांना कळवत होतो की मॅन्युअल नीट वाचा."

"मग झालं तर," साहेब म्हणाले. "पुढच्या आवृत्तीत गुपचूप घालून टाका. आणि एक सांगू? रागावू नका. त्या रेघा-बिघा नसल्या की पान कसं स्वच्छ दिसतं हो!"

आणि त्यांनी पिशवी तिच्यापुढे केली. "घ्या."

ही गोष्ट तिनं नणंदेला सांगितली तेव्हा 'घ्या' या शब्दाशी थांबून ती बेसिनकडे धावली. नणंदेनं पाण्याचा तांब्या दिला, पाठीवर हात ठेवला नाही. ठेवावासा वाटला नाही. त्या माणसाची किळस नणंदेलाही आली, पण फार वेळ टिकली नाही. वेफर खाणारे साहेब जगात पैशाला पासरी आहेत. ज्या बाईला दुसऱ्याच्या बोटांची एवढी शिसारी होती, तिनं सगळ्या जगासाठी लिहिलेला इशारा आपल्या खणात घडी घालून ठेवला, कपासारखा. हे नणंदेच्या घशाखाली उतरेना. अजून उतरलेलं नाही.

टिंबबाईनं मग जे केलं ते नाकारण्यात अर्थ नाही. तिनं एकेक पान उघडून त्यातून 'सावध' काढलं आणि त्याजागी सगळीकडे चालतात ते साधे मॅक्रो घातले. सगळ्यांनी हाताळून गुळगुळीत केलेले, तिच्या भाषेत उष्टे. इशारे पुन्हा शिंतोड्यासारखे पडले, पण पडले. एकेक ओळ बदलताना ती तोंड वाकडं करायची, कडू औषध घेतल्यासारखं. मग तिनं गिऱ्हाइकांना स्वतःच्या नावानं कळवलं. चूक माझी, फाइल मी अडवून ठेवली, खालील इशारे तुम्हाला कधी मिळालेच नाहीत. साहेबांची परवानगी घेतली नाही. एकानं शिव्या दिल्या, एकानं आभार मानले, बाकीच्यांनी वाचलंच नसणार. साहेबांनी तिला घरी बसवलं, आणि खिडकीतला तो कप मात्र, ऐकते, अजून नोकरीत आहे.

यावर नणंदेनं टाळ्या वाजवाव्यात अशी कुणाची अपेक्षा असेल, तर तिनं वाजवल्या नाहीत. भावाचा आवाज परत येत नाही. एक अंध मुलगी, आता स्वतः हिशेबखात्यात लागलेली, परवा येऊन म्हणाली, "बाई, ते नळात हवा वाले सर आहेत का अजून? पुन्हा एकदा ऐकायचं होतं." नणंदेनं तिला सांगितलं, "नाहीत." तिनं विचारलं, "सर, की रेकॉर्डिंग?" नणंद म्हणाली, "दोन्ही," आणि चहा टाकायला उठली.

रेडिओवाले अजून येतात. आता डिस्क पुन्हा भरत आली आहे, इतरांच्या आवाजांनी. ते त्या आज्ञेला हात लावायला तयार नाहीत. कागद भिंतीवर लागल्याशिवाय नाहीच, म्हणतात. म्हातारा हट्टाला पेटलाय, आणि नणंदेला त्याचं म्हणणं पटतं. भिंतीला दोन खिळे ठोकून झालेत, ते अजून रिकामेच आहेत. टिंबबाईच्या घरात आता तिचा स्वतःचा प्रिंटर आहे, कोरा करकरीत, प्लॅस्टिकच्या आवरणाखाली, ज्याला दुसऱ्या कुणाचा हात लागत नाही.

नणंदेनं मागच्या आठवड्यात फोन केला. "अगं, ते एक पान तेवढं छापून आण."

पलीकडे बराच वेळ नळाचं पाणी वाहत असल्याचा आवाज आला. मग बंद झाला.

"आता स्क्रीनवर दिसतं की, वन्सं."

"दिसू दे. मला कागद हवाय."

"आणते."